आधी खडू, मग कात्री

एंटर हे बटण कीबोर्डवर सगळ्यांत मोठं का असतं, याबद्दल कॉम्प्युटररावांचं एक ठाम मत होतं. ज्याने ते बटण बनवलं त्याने आयुष्यात कधी काही पुसलं नसावं. पुसलं असतं तर त्याने ते शर्टाच्या गुंडीएवढं करून कीबोर्डच्या पाठीमागे, झाकणाखाली बसवलं असतं आणि झाकणाला कुलूप लावलं असतं. हे मत राव कोणालाही ऐकवत. लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसालाही ऐकवत. तो माणूस "हो का, हो का" करत पुढच्याच मजल्यावर उतरून जाई, मग त्याचं घर त्या मजल्यावर असो वा नसो.

कॉम्प्युटरराव हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. शहरातली झाडं मोजणाऱ्या कचेरीत ते कॉम्प्युटर सांभाळत, म्हणून कॉम्प्युटरराव. आणि एवढं लांबलचक कोण म्हणणार, म्हणून नुसते राव. या कचेरीत प्रत्येक झाडाला एक नंबर होता. नंबरापुढे झाडाची जात, उंची, बुंध्याचा घेर, कुठल्या रस्त्यावर कुणाच्या फाटकापाशी उभं आहे, सगळं लिहिलेलं. "झाडं मोजून झाली की काय करता?" असं कुणी विचारलं की राव म्हणत, "पुन्हा मोजतो." यात त्यांना काही विनोद वाटत नसे.

तर दीड वर्षापूर्वीच्या एका सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता रावांनी 'जुने' नावाचं एक फोल्डर रिकामं करायला घेतलं. कचेरीचा मुख्य कॉम्प्युटर जुन्या वळणाचा. त्यावर चित्रं नाहीत, बटणं नाहीत. नुसता काळा पडदा. हुकूम लिहायचा, एंटर दाबायचं, की हुकमाची तामिली. फोल्डरचं नाव लिहून पुढे एक चांदणी काढली की 'यातलं सगळं' असा अर्थ होतो. रावांच्या अंगठ्याने नाव आणि चांदणी यांच्यामध्ये एक मोकळी जागा सोडली. तेवढ्याने अर्थ झाला, 'हे फोल्डर पुसा, आणि शिवाय इथलं सगळंच पुसा.' कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही. काम झालं की न बोलणं ही त्याची रीत होती. राव निवांत चहा प्यायला गेले.

दुपारी दोन वाजता राखीव प्रत घेणारा दुसरा प्रोग्रॅम नेमाने आला. त्याने जे काही होतं नव्हतं त्याची, म्हणजे नव्हतं त्याची, अगदी इमानदारीने प्रत घेतली. त्यामुळे अडीच वाजता कचेरीत रिकामेपणाच्या दोन प्रती झाल्या. अकरा हजार चारशे झाडांची नोंदवही दोन्हीकडून गेली होती.

ती नोंदवही बाईंची होती. कचेरीत बाया चार होत्या, पण 'बाई' म्हटलं की नोंदणीच्या बाई. एकतीस वर्षं त्या त्याच खुर्चीत बसत होत्या आणि झाडं त्यांना नंबराने ओळखता येत. त्यांनी आरडाओरडा केला असता तर रावांना बरं वाटलं असतं. बाईंनी फक्त चष्मा पुसला, कपाटातल्या जुन्या कागदी वह्या काढल्या, पहिलं पान उघडलं आणि पहिल्या झाडापासून पुन्हा टाइप करायला सुरुवात केली. चार महिने लागले. त्या चार महिन्यांत आणि नंतरही त्या रावांशी एक शब्द बोलल्या नाहीत. काही सांगायचं असलं तर पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी लिहून त्यांच्या टेबलावर ठेवत. 'पंखा कमी करावा.' 'छपाईयंत्रात कागद अडकला आहे.' अक्षर इतकं सुंदर की राव प्रत्येक चिठ्ठी वाचून आतल्या आत मरत.

शेवटी न राहवून एक दिवस राव त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी शब्द देतो. पुन्हा तुमची एक ओळसुद्धा माझ्या हातून जाणार नाही." बाईंनी मान वर केली नाही. संध्याकाळी टेबलावर चिठ्ठी आली. तिच्यावर एकच शब्द होता. 'बघू.'

ती चिठ्ठी रावांनी खणात ठेवली आणि त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. घरून निघताना गॅसचं बटण ते तीनदा बघत. दाराला कुलूप लावून जिन्यापर्यंत जात, परत येऊन कुलूप ओढून बघत. बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. त्या जाण्याआधी त्या 'बघू'चं काहीतरी व्हायला हवं होतं. माणसाने निम्मी नोकरी एका शब्दाकडे बघत काढावी हे काही बरोबर नाही, असं त्यांचं म्हणणं; आणि ते बरोबरच होतं.

अशात मोठ्या साहेबांनी बोलावलं. त्या सोमवारच्या भानगडीनंतर साहेबांनीच नियम काढला होता की पुरावा म्हणून प्रत्येक झाडाचा दर हंगामात फोटो काढायचा. मोजणीदार तिघे होते आणि तिघेही हौशी. एका झाडाचे चार-चार फोटो येत. डिस्क भरत चालली होती.

"एक प्रोग्रॅम लिहा," साहेब म्हणाले. "एका नंबराचे जितके फोटो असतील त्यांतला सगळ्यात नवा ठेवायचा, बाकीचे पुसायचे. मोजणीदार दर शुक्रवारी चालवतील. दोन आठवडे देतो."

'पुसायचे' या शब्दालाच राव बिचकत. नियम सोपा होता, प्रोग्रॅमही त्यांनी दोन दिवसांत लिहिला आणि त्याला नाव दिलं 'केरसुणी'. अडलं ते भलतीकडेच. माणसाने नुसतं 'केरसुणी' लिहिलं, पुढेमागे काहीच सांगितलं नाही आणि ते हत्तीएवढं एंटर दाबलं, तर केरसुणीने काय करावं?

"म्हणजे कसं," त्यांनी घरी बायकोला समजावून सांगितलं, "कुणी काही सांगितलंच नाही, तर आपणहून जे होतं ते."

"म्हणजे तुम्ही रविवारी करता ते," बायको म्हणाली.

"मी रविवारी काय करतो?"

"तेच."

राव यावर रागावले नाहीत, कारण ते ऐकतच नव्हते. ते वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे निघाले होते. डॉक्टर हा माणूस दिवसाला दहा दात उपटतो आणि उपटलेला दात परत बसत नाही; तेव्हा या विषयात त्याच्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही, असा रावांचा हिशेब.

"विचारायचं," डॉक्टर म्हणाले. "उपटण्याआधी मी पेशंटला विचारतोच. हाच ना? तो हो म्हणतो. मग उपटतो."

"आणि तो चुकून हो म्हणाला तर?"

"तोंडात माझे दोन्ही हात असतात हो. तो हो म्हणतो की नाही म्हणतो, ते तसं नक्की कळत नाही," डॉक्टर जरा विचारात पडून म्हणाले. मग त्यांनी दिवा लावून रावांचा जबडा बघितला आणि उजवीकडची दाढ काढावी लागेल असं सांगितलं. राव सल्ला घेऊन आणि दाढ सांभाळून खाली आले.

दुसऱ्या दिवशी केरसुणी विचारू लागली. 'खात्री आहे का? ह किंवा न दाबा.' रावांनी एका मोजणीदाराला बसवून बघितलं. त्याने केरसुणी लिहिलं, एंटर दाबलं, आणि प्रश्न पडद्यावर उमटायच्या आधीच ह दाबून तो खिडकीबाहेर बघू लागला.

"तुम्ही वाचलं का?" रावांनी विचारलं.

"काय?"

"तिने काहीतरी विचारलं."

"हो का? काय म्हणाली?"

रावांनी दोनदा विचारायला लावलं. मग तिसऱ्यांदा, अख्खा 'पुसा' शब्द टाइप करायला लावला. तेव्हा त्या मोजणीदाराने पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने एक कागद डकवला: 'ह, ह, पुसा.' आणि सगळ्यांच्या सोयीसाठी खाली सही केली. माणूस विचारण्याला इतका सरावतो की उद्या केरसुणीने 'आग लागली आहे, पळता का?' असं विचारलं असतं तरी या लोकांनी ह दाबून खिडकीबाहेर बघितलं असतं. राव हताश होऊन घरी आले.

घरी मेहुणा आला होता. हा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि बहिणीकडे आला की हातही न धुता बसायचा.

"दाजी, तुम्ही उगाच प्रश्न विचारत बसलाय," तो म्हणाला. "लिफ्ट कधी कुणाला विचारते का? लिफ्टच्या ब्रेकला आत जबर स्प्रिंग असते. ब्रेक कायम लागलेलाच असतो. वीज आली की तो सुटतो, वीज गेली की आपोआप लागतो. लोकांना वाटतं ब्रेक लावायला वीज लागते. अहो, सोडायला लागते."

"म्हणजे काहीच झालं नाही तर लिफ्ट..."

"जिथल्या तिथे. माणसं आत आरडाओरडा करतील, मला फोन करतील, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतील. पण खाली पडणार नाहीत."

राव उठून येरझाऱ्या घालू लागले. बायको शिवणाचा वर्ग घेई आणि त्या वेळी बाहेरच्या खोलीत सहाजणी जमिनीवर कापड पसरून बसल्या होत्या.

"अहो, बसा बघू एका जागी," बायको म्हणाली. "कापडावरून चालताय तुम्ही. ते ब्लाउजचं आहे."

"मला फक्त एवढं सांग, तू या मुलींना पहिल्या दिवशी काय शिकवतेस?"

"पहिल्या दिवशी मी कात्री देतच नाही. खडू देते. कुठे कापायचं ते आधी खडूने रेघ मारून दाखवायचं. मी बघते, ती बघते, शेजारची बघते. खडू चुकला तर झटकला की गेला. कात्री चुकली तर शर्टाचं झबलं होतं. आधी खडू, मग कात्री. आणि कात्री माझ्याकडे मागून घ्यावी लागते, आपोआप मिळत नाही."

राव तिथेच, ब्लाउजच्या कापडावर, उभे राहिले. दीड वर्षात पहिल्यांदा त्यांच्या डोक्यात लख्ख उजाडलं. नुसतं 'केरसुणी' लिहून एंटर दाबलं तर ती फक्त खडू मारील. काय काय पुसण्यासारखं आहे त्याची यादी दाखवील आणि कशाला बोट लावणार नाही. खरंच पुसायचं असेल तर पुढे 'कात्री' हा शब्द लिहावा लागेल. ब्रेक लागलेलाच; सोडायचा तर मुद्दाम सोडायचा. रावांना बायकोच्या पायाच पडावंसं वाटलं, पण सहाजणी बघत होत्या.

मोठ्या साहेबांना हे मुळीच पटलं नाही. "केर काढणार नसेल तर तिला केरसुणी कशाला म्हणायचं?" ते म्हणाले. आणि त्यांना एखादी गोष्ट पटली नाही की ते समिती नेमत. समितीत ते स्वतः, राव आणि भांडारपाल. भांडारपाल घ्यायचे कारण समितीला तिसरा माणूस लागतो. विषयपत्रिकेवर लिहिलं होतं, 'काही न सांगितल्यास काय करावे.' या विषयावर दीड तास चर्चा झाली.

"माझं विचाराल तर," भांडारपाल म्हणाले, "काही न सांगता मी कुणाला काहीच देत नाही. पेन्सिलसुद्धा नाही."

"आणि सांगितलं तर?"

"तरी लगेच नाही देत."

एवढ्यात चहा आला आणि थंड होऊ नये म्हणून ठराव मंजूर झाला. रावांनी तीन पानी परिपत्रक लिहिलं. पहिल्या पानावर केरसुणीचं महत्त्व, दुसऱ्यावर जुन्या चुकांचा ओझरता उल्लेख (इथे त्यांनी स्वतःचं नाव घातलं नाही, पण कचेरीत कुणाला शंका नव्हती), आणि तिसऱ्यावर ठळक अक्षरांत: खरोखर पुसण्यासाठी पुढे 'कात्री' लिहावे. परिपत्रक फलकावर लागलं. आता या कचेरीचा फलक जेमतेम एका पानाचा. तेव्हा शिरस्त्याप्रमाणे पहिलं पान फलकावर आणि उरलेली दोन पानं फायलीला. पाच महिने ती पानं फायलीत सुखाने पडून होती.

दर शुक्रवारी मोजणीदार 'केरसुणी' लिहीत. पडद्यावरून सरसर यादी धावे: पुसण्यासारखे फोटो, तीन हजार दोनशे बारा. मोजणीदारांना तेवढी यादी धावलेली बघूनच घर झाडून काढल्यासारखं वाटे. ते अहवालात लिहीत, 'सफाई, ३२१२.' पुढच्या महिन्यात आकडा सहा हजारांवर. मग नऊ हजार. मग तेरा. आकडा चढताच राहिला, आणि मोठ्या साहेबांनी अहवालाच्या समासात शेरा मारला, 'उत्साहवर्धक.' वरच्या कचेरीतून अभिनंदनाचं पत्र आलं. ते फलकावर लागलं, कारण ते एका पानाचं होतं.

आणि राव काय करत होते? राव रोज सकाळी सर्वांत आधी कचेरीत येऊन बाईंची नोंदवही उघडत आणि ओळी मोजत. अकरा हजार चारशे. दुपारी पुन्हा मोजत. घरी जाताना एकदा मोजत. काय गेलं हे बघण्यात ते इतके बुडालेले होते की काय गेलं नाही हे बघायचं त्यांना सुचलंच नाही. मोजणाऱ्या कचेरीत अशी चूक व्हायला नको होती, पण झाली खरी.

बाईंच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी वरच्या कचेरीतले अधिकारी तीन वाजता यायचे होते. बाईंनी पुरी केलेली नोंदवही शेवटची जतन करून, मोहोरबंद करून त्यांच्या हाती द्यायची होती. बाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. दोन वाजून पाच मिनिटांनी त्यांनी शेवटची ओळ तपासून दुरुस्त केली आणि जतन करायचा हुकूम दिला. काळ्या पडद्यावर अक्षरं आली: 'जागा शिल्लक नाही.'

बाई बघत राहिल्या. मग त्यांनी पाठकोरा कागद घेतला, चिठ्ठी लिहिली आणि रावांच्या टेबलावर नेऊन ठेवली. 'जतन होत नाही. आज सकाळपासून दुरुस्त केलेली ओळ न् ओळ अजून अधांतरी आहे.'

रावांनी डिस्क बघितली. काठोकाठ भरलेली. त्यांनी फोटोंची संख्या बघितली. मग त्यांनी मोजणीदारांना बोलावलं.

"शुक्रवारी तुम्ही काय लिहिता?"

"केरसुणी."

"आणि पुढे?"

"पुढे एंटर."

"कात्री नाही लिहीत?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "कसली कात्री?" त्यांतल्या सगळ्यात ज्येष्ठाने विचारलं.

मोठे साहेब बाहेर आले. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही, त्यांना भिंतीतून ऐकू येई. "पाच महिने!" ते म्हणाले. "पाच महिने ही तुमची केरसुणी नुसती हवेत फिरतेय? मी त्यावर उत्साहवर्धक लिहिलं! सही करून लिहिलं!"

"साहेब, तिसऱ्या पानावर..."

"तिसरं पान राहू द्या! मी तेव्हाच सांगत होतो. घाबरट माणसाने लिहिलेला घाबरट प्रोग्रॅम! बसा तिथे. लिहा ती कात्री, आणि पुसून टाका सगळं. पन्नास मिनिटं आहेत."

घाबरट हा शब्द सगळ्यांसमोर होता. भांडारपालसुद्धा आपलं भांडार उघडं टाकून बघायला आले होते. रावांचे कान तापले. त्यांच्या मनात आलं, टाकावं लिहून एकदाचं. घाबरट काय, दाखवतोच. ते खुर्चीवर बसले. 'केरसुणी' लिहिलं. 'कात्री' लिहिलं. बोट एंटरवर आलं, आणि त्या सोमवारची सव्वाअकराची वेळ त्यांच्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी राहिली. त्यांनी कात्री खोडली आणि नुसतं एंटर दाबलं. यादी आली. एकोणीस हजार फोटो. राव पहिल्या ओळीपासून वाचू लागले.

"वाचताय काय?" साहेब ओरडले. "एकोणीस हजार ओळी वाचणार आहात?"

"खडू आहे, साहेब," राव म्हणाले. "बघून घेतो."

"त्यांना आवरा कुणीतरी!"

कुणी आवरलं नाही. यादी सरकत राहिली. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि रावांच्या खांद्यामागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. साडीला कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास होता.

"थांबा," बाई म्हणाल्या.

जवळजवळ दोन वर्षांत राव तो आवाज विसरले होते. त्यांना वाटलं होतं तो कडक असेल. तो अगदी साधा होता.

"सतराशे बेचाळीस," बाई म्हणाल्या. "त्याचा कुठला फोटो राहणार?"

"सगळ्यात नवा."

"उघडा."

रावांनी तो फोटो शेजारच्या, चित्रं दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर उघडला. फोटोत झाड नव्हतं. जमिनीलगत सपाट कापलेला बुंधा होता आणि त्यावर मोजणीदाराने खडूने नंबर लिहिला होता, १७४२.

"गेल्या वर्षी रस्ता रुंद केला तेव्हाचं हे," बाई म्हणाल्या. "असे दोनशे चौदा बुंधे आहेत. या पोरांनी नंतर जाऊन नेमाने बुंध्यांचे फोटो काढले. तुमची केरसुणी बुंधे ठेवणार आणि झाडं पुसणार."

बाईंनी त्या बुंध्यावर बोट ठेवलं.

"रस्तेवाल्यांनी लिहून दिलंय, तोडलेल्या प्रत्येक झाडामागे दोन लावू म्हणून. उद्या ते विचारतील, इथे झाड होतं कशावरून? बुंधा तर ते केव्हाच उपटून नेतील. मग माझ्या ओळीत नुसता घेराचा आकडा राहील आणि त्यावर कोण विश्वास ठेवणार?"

रावांनी कपाळाला हात लावला. नियम साहेबांचा, पण प्रोग्रॅममध्ये तो त्यांनीच उतरवला होता, दोन दिवसांत, शिट्टी वाजवत. सगळ्यात नवा ठेवायचा. सोपा म्हणून त्यांनी त्याच्याकडे पुन्हा ढुंकूनही बघितलं नव्हतं. सारी भीती त्यांनी एंटरपाशी खर्च केली होती आणि चूक तिथे नव्हतीच. पहिल्याच शुक्रवारी केरसुणीने काम चोख केलं असतं तर ती झाडं दुसऱ्यांदा तोडली गेली असती, आणि या वेळी त्यांच्या हातून. ते त्यांना इतकं लागलं की क्षणभर पडदा धूसर दिसला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "नियमच चुकलाय."

"हो," बाई म्हणाल्या. "पण पुसलं कुठे अजून?"

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "ते सगळं ठीक आहे. पण मला आत्ता जागा हवी. पाहुणे येतायत. काय पुसायचं?"

बाईंनी रावांच्या शेजारी खुर्ची ओढून घेतली. "सगळ्यात मोठी फाइल कुठली आहे, बघा."

रावांनी बघितलं, आणि घसा साफ केला. "साहेबांच्या सत्काराचं चित्रण. अडीच तासांचं." ते जरा थांबले. "सात प्रती आहेत."

साहेबांना दरवेळी पहिली प्रत सापडत नसे, म्हणून दरवेळी ते नवी करून मागत. तिघाही मोजणीदारांना एकदम खिडकीबाहेर काहीतरी दिसलं.

"एक ठेवू. सहा काढू," बाई म्हणाल्या.

"सातही सारख्याच आहेत ना पण?" साहेब पुढे वाकले. "नीट बघा. एखाद्यात शेवटचं भाषण राहिलं असायचं. घाई करू नका. एकदा उघडून बघा ना प्रत्येक."

"खडू मारलाय, साहेब," राव म्हणाले. "वाचून घ्या."

मोठ्या साहेबांनी खिशातून चष्मा काढला आणि त्या सहा ओळी पडद्यावर बोट ठेवून, ओठ हलवत, दोनदा वाचल्या. मग सातवी प्रत उघडायला लावून शेवटचं भाषण सुरुवातीपासून थोडं आणि शेवटाकडून थोडं ऐकलं. सगळी कचेरी उभ्याने ऐकत होती. शेवटी त्यांनी मान डोलावली, पण तोंडाने काही बोलले नाहीत. राव थांबून राहिले. "लिहा ती कात्री," साहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले.

केरसुणीला फक्त त्या सहा प्रतींची नावं देऊन रावांनी ती लिहिली. बाईंनी वाचली. मोकळ्या जागा मोजल्या. "दाबा," त्या म्हणाल्या.

दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी नोंदवही जतन झाली. अकरा हजार चारशे ओळी, त्यांत दोनशे चौदा तोडलेली, आणि तीही फोटोसकट. अधिकारी आले, त्यांनी मोहोर बघितली, चहा घेतला आणि केरसुणीच्या प्रगतीबद्दल साहेबांचं पुन्हा अभिनंदन केलं. साहेबांनी ते स्वीकारलं. कुणी काही बोललं नाही, आणि त्याबद्दल रावांनी कुणाला दोष दिला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंचा निरोप झाला. भाषणं झाली, भांडारपालांनी भांडारातून स्वतःच्या हाताने एक नवी पेन्सिल काढून त्यांना दिली, आणि त्या गेल्या. राव त्या दिवशी नवा नियम लिहीत बसले होते: बुंधा असेल तर आधीचा एकही फोटो पुसायचा नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर ते जागेवर आले तेव्हा टेबलावर बाईंनी जाता जाता ठेवलेली पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी होती. त्याच अक्षरात एकच शब्द.

'बघितलं.'

रावांनी ती खणातल्या जुन्या चिठ्ठीवर ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. संध्याकाळी पिशवी घेऊन जिन्यापर्यंत गेले, सवयीप्रमाणे थांबले, सवयीप्रमाणे परत आले. कुलूप त्यांनी ओढून बघितलं नाही. उघडलं, आणि चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.